आनंदीबाई भगतांची फिर्याद

मठात रात्री कुणाचा तरी मृत्यू होतो. मदर सुपीरिअर दारे लावून घेतात, पोलीस अधिकारी गोंधळतो, आणि मग जपमाळ सावरीत एखादी चाणाक्ष सिस्टर पुढे येते. तिला माणसांच्या मनातले पाप ओळखू येते, कारण ती रोज स्वतःच्या मनाची झडती घेते. शेवटच्या प्रकरणात खुनी सापडतो आणि मठ पुन्हा पवित्र होतो.

इंग्रजीत हा प्रकार चांगलाच रुळलेला आहे. अँथनी बाउचर याने एच. एच. होम्स या टोपणनावाने १९४० साली लिहिलेल्या कादंबरीत सिस्टर अर्सुला आणली. १९८४पासून सिस्टर कॅरल ॲन ओमेरी या खऱ्याखुऱ्या सिस्टरने आपल्या सिस्टर मेरी हेलनच्या कथा लिहिल्या. पीटर ट्रेमेनची सिस्टर फिडेल्मा सातव्या शतकातल्या आयर्लंडात खुनांचा तपास करते. आपल्याकडे अशी नायिका रुजली नाही. बाबुराव अर्नाळकरांनी झुंजार दिला, काळापहाड दिला, धनंजय-छोटूची जोडी दिली. मठातली जोगीण त्यांच्या जगात बसणारी नव्हती. शिवाय मराठीत ‘कॉन्व्हेंट’ म्हणजे इंग्रजी माध्यमाची शाळा. तो मुळात जोगिणींच्या निवासाचा शब्द आहे हे आपण कधीच विसरलो.

या उणिवेबद्दल गळा काढण्यासाठी हा लेख नाही. उलट, जोगीण-गुप्तहेराची ही लाडकी कथा मठाविषयी एक मोठे असत्य सांगते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आणि त्या असत्याची झळ ज्या एका मराठी बाईला लागली, तिच्याविषयी आपण, म्हणजे मराठी चरित्रलेखक, समीक्षक, सुधारकांचे भक्त आणि सुधारकांचे वैरी अशा सर्वांनीच, जी बेपर्वाई दाखवली आहे तिचा हिशेब एकदा मांडायला हवा.

या बाईचे नाव आनंदीबाई भगत.

१.

आधी असत्य कोणते ते पाहू. या कथा गृहीत धरतात की मठाच्या आतली व्यक्ती सत्य शोधायला मोकळी असते. वास्तविक जोगीण तीन व्रते घेते: दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. पहिल्या दोन व्रतांची चर्चा फार होते. तपासाच्या दृष्टीने महत्त्वाचे व्रत तिसरे. ‘या खोलीत जाऊ नकोस’, ‘हे पत्र वाचू नकोस’, ‘या गोष्टीविषयी बोलू नकोस’ असे वरिष्ठांनी सांगितले की गुप्तहेराचा धंदा तिथेच संपतो. उम्बेर्तो एको याला हे कळले होते. त्याच्या १९८०च्या मठ-कादंबरीत तपास करणारा संन्यासी बाहेरून आलेला पाहुणा आहे, आणि रहस्य त्याच्या हाती आहे ज्याचे ग्रंथालयावर राज्य चालते. कागद कुणाच्या ताब्यात आहेत, हा मठातल्या मृत्यूचा पहिला प्रश्न असतो.

कल्पित कथा सोडून भारतातले एक घडलेले प्रकरण घ्या. २७ मार्च १९९२ रोजी केरळात कोट्टयमच्या पायस टेन्थ कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अभया यांचा मृतदेह आवारातल्या विहिरीत सापडला. स्थानिक पोलिसांनी आणि नंतर गुन्हे शाखेने आत्महत्या म्हणून प्रकरण आवरते घेतले. १९९३ साली तपास सीबीआयकडे गेला. तिरुवनंतपुरमच्या विशेष न्यायालयाने २२ डिसेंबर २०२० रोजी एक धर्मगुरू आणि एक सिस्टर यांना दोषी ठरवले; पुढे २०२२च्या जून महिन्यात केरळ उच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा स्थगित करून जामीन दिला. म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी पहिला निकाल, आणि तोही अखेरचा नव्हे. या खटल्यात निर्णायक ठरलेली साक्ष मठातल्या कुणाची नव्हती. ती एका चोराची होती. वीजप्रतिबंधकाचे तांबे चोरायला तो त्या रात्री आवारात शिरला होता. आतल्या जगाने दिले मौन. सत्य सांगायला भिंत ओलांडून आलेला, समाजाने गुन्हेगार ठरवलेला मनुष्य लागला. कोणत्याही सिस्टर अर्सुलाने हे प्रकरण उलगडले नाही, आणि उलगडू शकली नसती.

हे ध्यानात ठेवून आता आपल्या घराकडे वळू.

२.

घर म्हणजे अक्षरशः घर. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव लागते. भीमा आणि मुळामुठेच्या मधल्या राहू बेटातल्या मंडळींना हे स्टेशन सांगायला नको. उसाच्या आणि गुऱ्हाळांच्या या मुलखात केडगावची ओळख दोन गोष्टींनी होते: नारायण महाराजांचे बेट आणि पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन. १८९६च्या दुष्काळानंतर रमाबाईंनी शेकडो अनाथ मुली आणि विधवा इथे आणून वसवल्या, छापखाना घातला, बायबलचे मराठी भाषांतर सिद्ध केले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी इथेच देह ठेवला. राहूहून केडगावला जाणाऱ्याला ‘मुक्ती’ कुठे आहे हे कुणीही सांगेल. मात्र ‘मुक्ती’च्या आधी रमाबाई ज्या मठात राहिल्या तिथे त्यांच्या सोबतिणीचे काय झाले, हे विचारले तर बहुधा कुणालाच सांगता येणार नाही. आणि हा अडाणीपणा दौंड तालुक्यापुरता नाही. तो पुण्यात सदाशिव पेठेतही तितकाच आहे.

घटनाक्रम असा. १८८२च्या फेब्रुवारीत पती बिपिनबिहारी मेधावी यांचे निधन झाल्यावर रमाबाई तान्ह्या मनोरमेसह पुण्याला आल्या. आर्य महिला समाज, ‘स्त्रीधर्मनीति’, हंटर आयोगापुढची साक्ष हे सारे त्याच वर्षातले. इंग्लंडला जाऊन वैद्यक शिकावे अशी त्यांची इच्छा होती. ‘कम्युनिटी ऑफ सेंट मेरी द व्हर्जिन’ या अँग्लिकन जोगिणींच्या संघाची शाखा पुण्यात होती. पुढे ज्या पंचहौद मिशनमधल्या चहावरून रानडे-टिळकांसह पुण्यातली प्रतिष्ठित मंडळी ग्रामण्यात सापडली, त्याच परिसरातले हे काम. या संघाचा मूळ मठ इंग्लंडात वाँटेज या गावी, १८४८ साली तिथल्या धर्मगुरूने स्थापलेला. ठरले असे की रमाबाईंनी भारतात येऊ घातलेल्या सिस्टरांना मराठी शिकवावे, आणि त्याच्या बदल्यात संघाने त्यांच्या राहण्या-शिकण्याची सोय करावी. १८८३च्या मे महिन्यात रमाबाई वाँटेजला पोहोचल्या. सोबत दोन वर्षांची मनोरमा, आणि आनंदीबाई भगत.

काही महिन्यांतच आनंदीबाईंनी तिथे आत्महत्या केली.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

या दोन वाक्यांच्या मध्ये काय आहे, याची मराठी वाङ्मयाला गेली एकशेचाळीस वर्षे उत्सुकता नाही. रमाबाईंच्या बाप्तिस्म्यावर आपण ग्रंथ लिहिले, अग्रलेख लिहिले, शिव्या दिल्या, स्तोत्रे गायिली. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’मध्ये रमाबाईंची बाजू घेतली. १८९३ साली शारदासदनातील मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत असल्याच्या वादात ‘केसरी’ने रान उठवले आणि रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. त्या सगळ्या धुरळ्यात वाँटेजला मेलेल्या बाईसाठी कुणी दोन ओळी खर्च केल्या असतील, तर त्या दुसरे काहीतरी सिद्ध करण्यासाठी.

३.

या मृत्यूची जी हकीकत प्रचलित आहे तिचा मुख्य साक्षीदार मॅक्समुल्लर. ऑक्सफर्डच्या या पंडिताने १८९९ साली आपल्या भारतीय स्नेह्यांच्या आठवणी लिहिल्या. त्यात तो सांगतो की आपल्याला ख्रिस्ती व्हायला भाग पाडतील अशी भीती रमाबाईंच्या मैत्रिणीने घेतली. त्या संकटातून सोडवण्यासाठी तिने रमाबाईंचा गळा दाबण्याचा प्रयत्न केला. तो साधला नाही तेव्हा तिने स्वतःचा जीव दिला. त्यानंतर रमाबाई ऑक्सफर्डला त्याच्या घरी राहायला आल्या तेव्हा त्या इतक्या खचल्या होत्या की रात्री त्यांच्या खोलीत मोलकरणीला झोपवावे लागे.

साक्ष म्हणून हिची उलटतपासणी करायला रहस्यकथेचा गुप्तहेर लागत नाही. तालुक्याच्या न्यायालयातला वकीलही ती करील.

पहिला मुद्दा: ही ऐकीव साक्ष आहे. मॅक्समुल्लर वाँटेजला नव्हता. खोलीतली हकीकत सांगू शकणाऱ्या दोन बायका, एक मेलेली आणि दुसरी भेदरलेली. रमाबाईंची अवस्था त्याने स्वतः पाहिली, तेवढा भाग प्रत्यक्षाचा. बाकी सर्व सांगोवांगी.

दुसरा मुद्दा: घटना १८८३ची, लेखन १८९९चे. सोळा वर्षांत रमाबाई जगप्रसिद्ध झाल्या होत्या. प्रसिद्ध व्यक्तीच्या आयुष्यातला प्रसंग म्हणून जी गोष्ट सांगितली जाते, तिच्यात त्या व्यक्तीभोवती प्रकाश असतो आणि बाकीची पात्रे सावलीत जातात. या हकीकतीत आनंदीबाईंना स्वतःचे असे एकही वाक्य नाही.

तिसरा मुद्दा सर्वांत गंभीर: ही हकीकत सगळ्यांनाच सोयीची आहे. युरोपीय वाचकाला ती सोयीची, कारण धर्मभ्रष्टतेपेक्षा मरण बरे मानणारी हिंदू बाई हे चित्र त्याच्या ओळखीचे होते. मठाला ती सोयीची, कारण दोष एका भेदरलेल्या मनावर जातो, घराच्या रीतीवर येत नाही. इकडच्या धर्माभिमान्यांनाही ती सोयीची, कारण मिशनरी जुलमाचा पुरावा आयता मिळतो. आणि सुधारकांना तर सर्वांत सोयीची. ‘बिचारीचे डोके फिरले’ एवढे म्हटले की रमाबाईंच्या प्रवासाला गालबोट लागत नाही. ज्या साक्षीने चारही पक्षांचे समाधान होते तिच्याकडे पाहून न्यायाधीशाची भुवई वर जायला हवी. आपली जात नाही.

एक खुलासा आत्ताच करतो. हा खून होता असे मी म्हणत नाही. तसे म्हणायला कसलाही आधार नाही, आणि आधाराशिवाय खुनाचा संशय पसरवणे ही तर स्वस्त रहस्यकथाकाराची रीत. माझा आक्षेप वेगळा आहे. आत्महत्या म्हटले की शोध संपतो, ही आपली समजूत चुकीची आहे. आत्महत्येलाही कारण असते, परिस्थिती असते, आणि त्या परिस्थितीचे विश्वस्त असतात.

‘भाग पाडतील’ ही आनंदीबाईंची भीती घ्या. ती वेडगळ होती का? हात धरून कुणी कुणाला पाण्यात बुडवणार नव्हते, हे उघड आहे. पण परक्या देशात, दुसऱ्याच्या छपराखाली, दुसऱ्याच्या अन्नावर, परतीचे भाडे गाठीला नसताना, सकाळ-संध्याकाळ प्रार्थनेच्या घंटा ऐकत राहणाऱ्या माणसाला ‘तुला मोकळीक आहे’ असे सांगितले तर त्या मोकळिकीची किंमत काय, हे ज्याने आश्रिताचे जिणे भोगले त्याला विचारावे. रमाबाई ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ होत्या. कोलकात्याच्या विद्वानांनी गौरवलेल्या. इंग्लंडात त्यांच्याशी बोलायला लोक उत्सुक होते. आनंदीबाई केवळ रमाबाईंच्या सोबतीण होत्या. पाहुणीच्या पाहुणीला घरात जेवढा आवाज असतो तेवढाच त्यांना.

४.

आता आपल्या जोगिणीकडे येऊ. कारण या प्रकरणात तपास करणारी जोगीण खरोखरच आहे.

सिस्टर जेराल्डीन. पुण्यात रमाबाईंशी ओळख झालेली, आणि वाँटेजला त्यांची धर्ममाता झालेली. रमाबाई पत्रांतून त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. इंग्रजी पत्रातला हा मराठी शब्द आजही वाचताना हलवून जातो. पुढे कित्येक वर्षांनी याच सिस्टर जेराल्डीननी रमाबाईंचा सारा पत्रव्यवहार गोळा केला: रमाबाईंची पत्रे, स्वतःची उत्तरे, चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांची पत्रे, बिशपांची पत्रे. त्यांचा क्रम लावला आणि वर आपले भाष्य जोडले. हा संग्रह अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने इंग्रजीत प्रसिद्ध केला. या उपकाराबद्दल सिस्टरांचे, शहांचे आणि मंडळाचे ऋण मानावे तेवढे थोडे. तो ग्रंथ नसता तर रमाबाईंचा वाँटेज-चेल्टनहॅमचा काळ आपल्याला दंतकथेवरच भागवावा लागला असता.

पण ही फाईल कसली आहे? पुरावे जमवले, तारखा लावल्या, साक्षी नोंदवल्या, आरोपी निश्चित केला. रहस्यकथेतली सिस्टर करते ते सर्व इथे आहे. फक्त गुन्हा वेगळा आहे. या फाईलमधला गुन्हा म्हणजे अवज्ञा, आणि आरोपी रमाबाई. त्यांनी त्रिमूर्तीच्या सिद्धांतावर शंका का घेतली. मनोरमेला कोणते धर्मशिक्षण द्यावे याचा अधिकार स्वतःकडे का ठेवला. अंड्याचे पदार्थ का टाळले आणि ब्राह्मणी सवयींना का चिकटून राहिल्या. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये या बिशपांच्या सल्ल्यापुढे मान का तुकवली नाही. या सर्वांचे उत्तर सिस्टर शोधतात, आणि ते रमाबाईंच्या अहंकारात सापडले असे त्यांना वाटते. हे त्यांनी दुष्टपणाने केले नाही. त्यांचे रमाबाईंवर खरे प्रेम होते, हे पत्रांच्या पानापानावर दिसते. पण आज्ञापालनाचे व्रत घेतलेल्या जोगिणीला सर्वांत मोठे कोडे अवज्ञेचेच वाटणार. तिच्या घरात एक तरुण परदेशी बाई जिवाला मुकली. तिने आयुष्यभर छडा लावला तो मात्र वाचलेल्या बाईच्या हट्टाचा.

माझ्या मते मठातल्या गुप्तहेराची खरी गोष्ट ही आहे. ती बुद्धीला कमी पडत नाही, प्रामाणिकपणाला कमी पडत नाही. कोणता प्रश्न प्रश्न मानायचा हे तिच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी आधीच ठरवलेले असते.

‘मग रमाबाईंनी का नाही विचारला?’ असे कुणी म्हणेल. त्यांनी १९०७ साली आपली साक्ष लिहिली तेव्हा ख्रिस्ताकडे वळण्याचे कारण म्हणून त्या लंडनजवळच्या फुलमचे नाव घेतात. समाजाने टाकलेल्या स्त्रियांशी तिथल्या सिस्टर ज्या करुणेने वागत, ती पाहून आपण हललो असे सांगतात. त्याच्या खरेपणाविषयी मला शंका नाही. पण जिच्या गळ्यावर सोबतिणीचे हात पडले आणि जिने लगेच तिचा मृत्यू पाहिला, अशा पंचविशीतल्या स्त्रीने त्याविषयी गप्प राहावे, हे समजण्यासारखे आहे. साक्षीदाराला मौनाचा हक्क असतो. चरित्रकाराला तो नाही.

शिवाय रमाबाईंचे सगळेच वर्तन मौनाचे नव्हते, असे मला वाटते. हे माझे वाचन आहे, पुरावा नव्हे. पण त्या उन्हाळ्यानंतर त्यांचे आयुष्य पाहा. त्या ख्रिस्ती झाल्या, पण जोगीण झाल्या नाहीत. आपल्या सदसद्विवेकावर कुठल्याही धर्मगुरूचा ताबा मानायला त्यांनी पुढची दोन वर्षे पत्रामागून पत्रात नकार दिला. १८८६ साली त्या अमेरिकेला निघून गेल्या आणि वाँटेजच्या आश्रयापासून मोकळ्या झाल्या. आणि अखेर केडगावला उभे केले ते घर कोणत्याही एका चर्चपंथाच्या हुकमतीखाली ठेवले नाही. आश्रय देणाऱ्याच्या मुठीत आश्रिताचा जीव गुदमरू शकतो, हे ज्ञान कुठून आले असेल? चेल्टनहॅमच्या धर्मचर्चेतूनच सारे आले, असे मानायला मी तयार नाही.

अर्थात केडगावही या प्रश्नातून सुटत नाही. ‘मुक्ती’तल्या शेकडो मुलींना रमाबाईंच्या छपराखाली किती मोकळीक होती, हा प्रश्न रमाबाईंनाच लावायला हवा. वाँटेजचा धडा वाँटेजपुरता ठेवला तर आपणही फाईल हवी तिथेच उघडणारे ठरू.

५.

तीन आनंदीबाई आहेत. पहिली आनंदीबाई जोशी: त्याच १८८३च्या एप्रिलमध्ये कोलकात्याहून अमेरिकेला निघाली, डॉक्टर झाली, १८८७ साली गेली, तिच्यावर चरित्र आहे, कादंबरी आहे, चित्रपट आहे. रमाबाईंच्या ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेतही तिचेच स्मरण. दुसरी आनंदीबाई कर्वे: शारदासदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी, अण्णासाहेबांची पत्नी, स्वतःचे आत्मकथन मागे ठेवून गेलेली. तिसरीला काहीच नाही. तिघींनी एकाच पिढीत उंबरठा ओलांडला. दोघींचा प्रवास ध्येयाच्या कथेत बसला, म्हणून त्या उरल्या. तिसरीचा बसला नाही. आपल्या स्त्री-इतिहासाला यशस्वी बायका आवडतात, हुतात्मा बायका त्याहून आवडतात. भ्यालेली बाई कुणालाच नको असते. वास्तविक पहिल्यांदा परदेशी गेलेल्या मराठी स्त्रियांच्या इतिहासात भीतीचे प्रकरण नसेल, तर तो इतिहास जाहिरात ठरतो.

‘आता काय सापडणार?’ हा आळशांचा ठरलेला प्रश्न. त्याचे उत्तर सोपे आहे. १८८३च्या इंग्लंडात मृत्यूची नोंद करणे कायद्याने सक्तीचे होते, आणि अशा नोंदीचा दाखला आजही कुणालाही शुल्क भरून मागता येतो. अनैसर्गिक मृत्यू झाला की कॉरोनरने पंच बसवून चौकशी करायची, हा तिथला नियम. जुन्या मुंबईकरांना कॉरोनर हा शब्द नवा नाही. त्या काळचे कॉरोनरांचे कागद पुष्कळ ठिकाणी गहाळ झाले, पण गावोगावची साप्ताहिके अशा चौकशांचे वृत्तांत तपशिलाने छापत, आणि ती साप्ताहिके ग्रंथालयांनी जपली. आत्महत्या करणाऱ्याला रात्री नऊ ते बारा या वेळातच पुरण्याचा जुना कायदा आदल्याच वर्षी, १८८२ साली, रद्द झाला होता. पंच बहुधा ‘तात्पुरता बुद्धिभ्रंश’ असा निकाल देत, म्हणजे मृताला धर्मविधीने मूठमाती मिळे. ही करुणाच होती. पण तिची किंमत अशी की मेलेल्या माणसाचे कारण त्याच्याकडून काढून घेतले जाई. तो वेडा होता, म्हणजे त्याला काही म्हणायचे नव्हते.

तेव्हा सिस्टर अर्सुलेची वाट पाहण्याचे कारण नाही. हे काम अर्जाचे, टपालखर्चाचे आणि चिकाटीचे आहे. लंडन, लेस्टर, स्लाऊ इथे मराठी मंडळे गणपती बसवतात, संमेलने भरवतात. वाँटेज ऑक्सफर्डपासून फार लांब नाही. इथल्या विद्यापीठांत रमाबाईंवर प्रबंध लिहिले जातात. त्यांच्या मार्गदर्शकांनी विद्यार्थ्याला निदान एक प्रकरण या बाईसाठी राखायला सांगावे. रमाबाईंच्या पुढच्या चरित्रकाराने परिशिष्टात तळटीप न देता आनंदीबाईंना आपल्या नावाने, आपल्या प्रकरणात उभे करावे. आणि कुणा कादंबरीकाराला मठातले रहस्य लिहायचेच असेल, तर त्याने वाँटेजचा तो उन्हाळा लिहावा; मात्र शेवटच्या पानावर सर्वांना दिवाणखान्यात बसवून खुनी दाखवण्याचा मोह टाळावा. दाखवायला तिथे कुणी नाही. आहेत त्या चांगल्या, दयाळू, आज्ञाधारक बायका. आणि त्यांच्यात एक, जिला काहीतरी म्हणायचे होते आणि जिचे म्हणणे कुणी लिहून घेतले नाही.

रहस्यकथेत फिर्याद आपोआप उभी राहते, कारण प्रेत पहिल्याच प्रकरणात सापडते. इतिहासात तसे नसते. इथे आधी कुणीतरी चौकीवर जाऊन सांगावे लागते की आमचे एक माणूस परत आलेले नाही. आनंदीबाई भगत १८८३ साली मुलूख सोडून गेल्या आणि परत आल्या नाहीत. ही नोंद आपण अजून केलेली नाही.